पाचारण आणि शिवाशिव : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील जीवनहेतू

मराठी बायबलात आणि मराठी ख्रिस्ती मंडळीच्या बोलण्यात 'पाचारण' हा शब्द नित्याचा आहे. एरवीच्या मराठीत थोराने लहानास, दरबाराने प्रजाजनास बोलावणे धाडावे, असा त्याचा अर्थ. ख्रिस्ती परिभाषेत मात्र देवाने माणसाला काही एका हेतूने हाक मारणे म्हणजे पाचारण. या अर्थात तीन गृहीतके दडलेली आहेत. हाक मारणारा कोणी आहे आणि तो नाव घेऊन हाक मारतो, हे पहिले. ती हाक ऐकू येण्याचा एक क्षण असतो, हे दुसरे. आणि त्या क्षणानंतरच्या आयुष्याला दिशा लाभते, हे तिसरे. पहिल्या गृहीतकाचा विचार धर्मशास्त्राने करावा. उरलेली दोन गृहीतके मात्र सरळ कथनमीमांसेच्या प्रांतातील आहेत. एक क्षण निश्चित झाला की आयुष्याचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध पडतात. पूर्वार्ध तयारीचा ठरतो, उत्तरार्ध पूर्ततेचा. त्या तयारीत न बसणारे जे जे असेल ते गाळले जाते किंवा त्याला 'अंधार' म्हटले जाते. जीवनहेतू सापडणे ही आध्यात्मिक घटना असेलही. आत्मकथनात ती आयुष्य शेवटाकडून आरंभाकडे वाचण्याची एक रीत असते.

या रीतीचा आदर्श युरोपीय परंपरेत फार जुना आहे. दमिश्काच्या वाटेवरचा पौल आणि इ. स. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत मुलाचा आवाज ऐकणारा ऑगस्टीन ही त्याची दोन मूळ चित्रे. मराठीत हा आराखडा पोहोचला तो मुख्यतः बनियनच्या रूपककथेमुळे. १६७८ सालच्या त्या ग्रंथाचे हरि केशवजींनी केलेले 'यात्रिकक्रमण' हे भाषांतर १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे बाबा पदमनजींच्या बाप्तिस्म्याच्या तेरा वर्षे आधी. मराठीतील पहिल्या पिढीच्या धर्मांतरितांना आपले आयुष्य एक वाट आहे आणि तिच्या टोकाला एक नगर आहे, हे रूपक असे आयते मिळाले होते. ते त्यांनी कितपत स्वीकारले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की मराठीतील महत्त्वाची ख्रिस्ती आत्मकथने हा आराखडा हाती घेतात आणि वाटेत कुठे तरी तो मोडतात. आणि ज्या संहितेने तो सर्वांत अधिक मोडला, तिच्यातील श्रद्धा आपल्या समीक्षेला नीट दिसलेली नाही.

येथे एक आक्षेप आधीच लक्षात घ्यायला हवा. जॉर्ज ग्युसदोर्फ यांनी १९५६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात आत्मचरित्र हा पाश्चात्त्य, विशेषतः ख्रिस्ती आत्मपरीक्षणातून घडलेला प्रकार असून इतर संस्कृतींत तो उसना असतो, असे प्रतिपादन केले. तसे असेल तर मराठी ख्रिस्ती लेखकांनी आराखडाही उसना घेतला आणि त्यातली श्रद्धाही, एवढेच म्हणून हा विषय संपवता येईल. परंतु सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदनपर अभंग डोळ्यांसमोर आणले की हे विधान अडखळते. बहिणाबाई स्वतःच्या आयुष्याचा हेतू शोधतात, तो मांडतात, आणि त्यासाठी मागच्या बारा जन्मांचा हिशेब देतात; चालू जन्म तेरावा आणि अखेरचा. आयुष्याला हेतू आहे ही जाणीव तिथे पूर्णपणे आहे. फरक आहे तो काळाच्या विस्ताराचा. बहिणाबाईंचा हेतू जन्मोजन्मी साचत आलेला आहे, त्याला एका क्षणाची निकड नाही. ख्रिस्ती कथनापाशी जन्म एकच. जे व्हायचे ते याच आयुष्यात, आणि शक्यतो तारखेनिशी. मराठी धर्मांतरितांच्या लेखनातला ताण या दोन कालकल्पनांमधला आहे. त्याला निव्वळ उसनवारी म्हणणे फार सोपे होईल.

बाबा पदमनजींचा 'अरुणोदय' १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. बेळगावात जन्मलेल्या, कासार समाजातल्या आणि मिशनरी शाळांत शिकलेल्या या लेखकाचा बाप्तिस्मा १८५४ चा. दोहोंमध्ये चौतीस वर्षांचे अंतर आहे. ग्रंथाचे नाव पुरेसे बोलके आहे. अरुणोदय म्हणजे सूर्योदय नव्हे. सूर्य उगवण्याआधी फटफटू लागते ती वेळ. पौलाच्या डोळ्यांसमोर लख्खकन चमकलेल्या प्रकाशाऐवजी पदमनजींनी हळूहळू उजाडण्याचे रूपक निवडले. त्यामुळे त्यांना एक सोय झाली. घरातील देवधर्म, व्रतवैकल्ये, शाळेतील वाचन, परमहंस मंडळीतील वावर हे सगळे त्यांना सविस्तर सांगता आले, कारण पहाटेच्या रूपकात प्रत्येक घटका आधीच्या घटकेपेक्षा थोडी अधिक उजळ असते आणि म्हणून प्रत्येक घटका सांगण्याजोगी ठरते. परमहंस मंडळीसारख्या गुप्त संस्थेविषयी इतिहासकारांना या ग्रंथाचा आधार घ्यावा लागतो, तो याच सविस्तरपणामुळे. मात्र सोयीची किंमतही आहे. पहाटेला पर्याय नसतो. ती उजाडणारच. पदमनजींच्या कथनात दुसरी एखादी वाट खरोखर मोकळी होती, असे क्वचितच वाटते. परमहंस मंडळी ही एक शक्यता म्हणून येत नाही, पायरी म्हणून येते. आणि पायरीवर कोणी बिऱ्हाड करीत नाही. ग्रंथातील माहिती अस्सल आहे, मांडणी प्रांजळ आहे. पण निवेदकाला उत्तर ठाऊक आहे हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते.

पंडिता रमाबाईंचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९०७ मध्ये त्यांनी इंग्रजीत आपली साक्ष लिहिली. 'साक्ष' हा शब्द न्यायालयातला. साक्ष कोणासमोर तरी द्यायची असते, आणि तीत प्रश्नाला धरूनच बोलायचे असते. मंडळीसमोर साक्ष देणाऱ्याने मी कसा होतो, ख्रिस्त कसा भेटला आणि आता मी कसा आहे एवढे सांगावे, ही प्रथा. रमाबाई ती पाळतात, पण त्यांच्या आयुष्यातील तारखा तिच्याशी पुरत्या जुळत नाहीत, आणि त्या तारखा लपवीत नाहीत. इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला तो २९ सप्टेंबर १८८३ रोजी. साक्षीत मात्र त्या सांगतात, की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी आठेक वर्षे गेली. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. उपदेश करणाऱ्या स्वतःचेच परिवर्तन व्हायचे राहिले होते, हे या माणसाला उमगले होते. रमाबाईंना त्यात आपले प्रतिबिंब दिसले.

आता या आठ वर्षांत रमाबाईंनी काय केले ते पाहावे. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. म्हणजे ज्याला आपण रमाबाईंचे जीवितकार्य म्हणतो ते, त्यांच्याच हिशेबाप्रमाणे, ख्रिस्त भेटण्याआधी सुरू झालेले आहे. श्रद्धेतून हेतू सापडतो हे सूत्र येथे उलटे होते. हेतू आधी सापडला आहे. श्रद्धा त्याच्यामागून, धापा टाकीत म्हणावे तशी येते. या हेतूचे मूळ शोधायचे तर साक्षीतच दोन प्रसंग आहेत. एक कलकत्त्याचा. धर्मशास्त्रे वाचताना त्यांच्या ध्यानात येते, की एरवी एकमेकांशी न जुळणारी ही शास्त्रे स्त्रिया आणि शूद्र यांच्याविषयी मात्र एकमुखाने बोलतात. दुसरा लंडनजवळच्या फुलहॅमचा. तेथे 'पतित' म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांना सांभाळणाऱ्या भगिनींचे काम त्या पाहतात, आणि शोमरोनी स्त्रीशी विहिरीकाठी बोलत बसलेल्या येशूची कथा त्यांना त्या कामाचा खुलासा म्हणून ऐकायला मिळते. पहिला प्रसंग रागाचा आहे, दुसरा आश्चर्याचा. पुढे केडगावला मुक्तिसदनाबरोबर कृपासदन उभे राहिले त्याची बीजे या दोन ठिकाणी आहेत. तत्त्वज्ञ श्रद्धेचा इथे संबंध नाही असे मी म्हणत नाही; नेहेम्या गोऱ्हे यांच्या युक्तिवादाचा आपल्यावर झालेला परिणाम रमाबाई स्वतःच नोंदवतात. पण वाँटेजच्या भगिनींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित केला, तो साक्षीशेजारी ठेवून वाचला की दिसते, की बाप्तिस्म्यानंतर लगेचच त्या त्रैक्यापासून अधिकारापर्यंत प्रत्येक गोष्टीवर वाद घालीत होत्या. हाक ऐकलेल्या माणसाने हुकूम ऐकलाच पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते. पत्रांतला हा आवाज १९०७ च्या साक्षीत बराच मावळलेला आहे. साक्षीला समाधान हवे असते. पत्राला ते बंधन नसते.

रेव्हरंड टिळकांचे पाचारण सर्वांत नाट्यमय. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एक युरोपीय सहप्रवासी भेटतो, नवा करार हाती देतो आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे सांगतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भविष्य, मुदत आणि पूर्तता असा हा प्रसंग इतका नेटका आहे की कादंबरीकाराने तो लिहिण्याचे धाडस केले नसते. परंतु टिळकांनी आत्मचरित्र लिहिले नाही. ही हाक मराठी वाचकांच्या मनात राहिली ती मुख्यतः जिला ती ऐकू आली नव्हती तिच्या लेखनामुळे.

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. म्हणजे येथेही अंतर चौतीस वर्षांचेच आहे, 'अरुणोदया'इतके. तेव्हा दोन ग्रंथांतला फरक काळाच्या अंतराने समजावता येणार नाही. तो दृष्टीचा आहे, आणि पुन्हा नावापासून सुरू होतो. पहाट ही एक असते. चित्रे अनेक असतात. चित्रांना क्रम असतो, पण दिशा असलीच पाहिजे असे नाही.

या संहितेचा आरंभ कुठे होतो ते ध्यानात घेतल्याशिवाय तिच्यातली श्रद्धा कळणार नाही. १८५७ च्या बंडानंतर लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली; त्या धक्क्यातून त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात येऊ न देणारे, बायकोमुलांना शिवाशिवीच्या धाकात ठेवणारे हे वडील लक्ष्मीबाई विनोदाने रंगवतात, आणि मराठी वाचक पिढ्यान्पिढ्या त्या पानांवर हसत आला आहे. हसायला हरकत नाही. पण हे पुस्तक स्पर्शाच्या भयापासून सुरू होते, ही गोष्ट हसण्याच्या भरात निसटू नये. एका माणसाचा सरकारने जीव घेतला आणि दुसऱ्याने उरलेले आयुष्य हात धुण्यात घालवले. धर्म म्हणजे काय याविषयी या मुलीचा पहिला पाठ हा आहे.

टिळकांच्या धर्मांतराची बातमी तिच्यावर कोसळते ती संकट म्हणून. जे त्यांचे पाचारण ते तिचे वैधव्यासारखे जिणे. नवरा जिवंत असून नसलेला. जवळजवळ पाच वर्षांचा हा दुरावा 'स्मृतिचित्रां'त ज्या रीतीने येतो, तिला आत्मकथनाच्या सिद्धान्तात फारसे नाव नाही. येथे निवेदक उत्तर माहीत असूनही न माहीत असल्यासारखी लिहिते. १९३४ सालच्या ख्रिस्ती लेखिकेला त्या पाच वर्षांना 'तयारी' म्हणणे, त्या दुःखाला ईश्वरी योजनेत बसवणे अगदी सोपे होते. मंडळीतील वाचकांची तीच अपेक्षा असणार. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. दुःख दुःखच राहते. नातलगांचा राग, त्यांची माया, स्वतःचा हट्ट, टिळकांवरचा संताप यांपैकी काहीही पुढे येणाऱ्या प्रकाशाने मागून उजळलेले नाही. विरोध करणारे नातेवाईक खलनायक होत नाहीत, ही गोष्ट अनेकांनी लेखिकेच्या स्वभावाला जमा केली. ती रचनेलाही जमा केली पाहिजे. ज्या कथनात वाट आणि नगर नाही, त्यात वाट अडवणारा राक्षसही लागत नाही.

त्यानंतर येतो तो खरा पालट. लक्ष्मीबाई टिळकांकडे परत येतात तेव्हा त्यांचे पाणी वेगळे, चूल वेगळी. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात. हे किती दिवस चालते, कसे ढिले पडते, हे त्या बारकाव्याने सांगतात, कारण त्यांच्या दृष्टीने मुख्य गोष्ट तीच आहे. मग जातींचे भेद देवाने केले की माणसांनी, हा प्रश्न त्या स्वतःलाच घालतात, त्याचे उत्तर त्यांना मिळते, आणि उत्तर मिळताच त्या ते अमलात आणतात: कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागतात. बाप्तिस्मा हा याच्यानंतरचा. अनुक्रम महत्त्वाचा आहे. ख्रिस्त पटला म्हणून शिवाशिव सुटली, असे घडलेले नाही. शिवाशिव सुटली, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत ख्रिस्ताला येता आले. रमाबाईंच्या साक्षीत हेतू श्रद्धेच्या आधी येतो हे आपण पाहिले. येथे आणखी एक पाऊल पुढे आहे: हेतू असे वेगळे काही सांगितलेलेच नाही. आपल्याला अमुक कार्यासाठी बोलावले आहे, असा सूर लक्ष्मीबाईंनी स्वतःपुरता कधी लावला नाही. घर अनाथ मुलांनी भरत राहते, आजारी माणसे येतात, पैसे नसतात, टिळक कोणाला तरी घरी घेऊन येतात आणि त्या चिडतात. चिडून झाल्यावर पानेही वाढतात. वडिलांच्या घरी जो हात सतत धुतला जात होता, तो आता कोणालाही शिवतो. या कथनाला जर हेतू असेल तर तो हा आहे, आणि तो वाक्यात नाही, चित्रांच्या मांडणीत आहे.

आपल्या समीक्षेने येथे एक मोठी गफलत केली. 'निरागस', 'भाबडी', 'निर्मळ विनोद' ही विशेषणे 'स्मृतिचित्रां'ना इतकी चिकटली की संहितेतील श्रद्धा ही जणू कथानकातील एक घटना आहे, दृष्टी नव्हे, असे समजले गेले. ललित गद्य म्हणून गौरव, धर्म म्हणून मौन. उलट मंडळीतील वाचनाने हे टिळकांच्या धर्मांतराचे हृद्य पुरवणीपत्र मानले. दोन्ही वाचनांत लक्ष्मीबाईंनी घेतलेला निर्णय हरवतो. जोसेफिन इंकस्टर यांनी १९५० मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादाला 'आय फॉलो आफ्टर' असे नाव मिळाले. त्यात चित्रांची पुन्हा वाट झाली. वरवर पाहता हे पतीमागून जाणाऱ्या पत्नीचे नाव वाटते. बायबल वाचणाऱ्याला मात्र त्यात फिलिप्पैकरांस पत्रातील पौल ऐकू येतो, आणि तो तिथे आपण अद्याप पोहोचलेलो नाही असेच सांगतो आहे. त्या अर्थाने नाव अगदीच वावगे नाही. तरीही शांता गोखले यांनी २०१७ च्या आपल्या इंग्रजी अनुवादात मूळ शीर्षक कायम ठेवले, हे मला अधिक योग्य वाटते.

असे म्हणता येईल, की हे सारे मी संहितेवर लादतो आहे. लक्ष्मीबाईंनी लिहायला घेतले ते टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी म्हणून. आठवणींना दिशा नसते, त्यात विशेष ते काय? आक्षेपात तथ्य आहे. पण निमित्त आठवणींचे असले तरी जे उतरले ते टिळकांचे चरित्र नाही, आणि निमित्तावरून रूपाचा उलगडा होत नाही. साक्ष देण्याचे निमित्तही त्यांना हवे तेव्हा उपलब्ध होते.

दुसरी मर्यादा या लेखाची आहे आणि ती अधिक गंभीर आहे. अहमदनगर जिल्ह्यातील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतून आलेली होती. लक्ष्मीबाईंनी शिवाशिव सोडली ती ज्यांच्या बाबतीत, ती ही माणसे. शिवण्याचा निर्णय घेणे हे एका बाजूचे पाचारण झाले. ज्याला शिवले जात नव्हते त्याला हाक कोणत्या शब्दांत ऐकू आली, आणि त्याच्या आयुष्याचा पूर्वार्ध 'अंधार' होता की अन्याय, हे या आत्मकथनांतून कळत नाही. पदमनजी, रमाबाई, टिळक, लक्ष्मीबाई यांच्यावरून 'मराठी ख्रिस्ती जीवनहेतू' असा सिद्धान्त काढणाऱ्याने (आणि तो मोह मलाही झालेला आहे) निदान एवढे मान्य केले पाहिजे, की दार उघडणाऱ्याच्या कथनावरून आपण दाराबाहेर उभ्या असलेल्याच्या मनाविषयी बोलत आहोत.

भाबडेपणाच्या विशेषणाविषयी मात्र एक पुरावा नोंदवायला हवा. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभून अपुरे ठेवले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले, आणि त्यातील फार मोठा भाग त्यांचा आहे. १९३८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ते प्रसिद्ध झाले. जन्माआधीच हेतू ठरलेल्या, प्रत्येक पाऊल त्या हेतूकडेच टाकणाऱ्या चरित्रनायकाची कथा अध्यायामागून अध्याय सांगण्याचे कसब त्यांच्यापाशी पुरेपूर होते. ज्या हाताने ख्रिस्ताचे आयुष्य असे लिहिले, त्याच हाताने स्वतःचे तसे लिहिले नाही.